तळ गार, मान कोमट

हात्सुए-सान लघवी गोळा करायची. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या शहरात हे वाक्य कुणी कधी पूर्ण केलंच नाही. "त्या विद्यापीठासाठी ते... म्हणजे ते नेतात ना..." एवढं म्हणून बायका तोंडाला रुमाल लावायच्या. प्रयोगशाळेत आम्ही त्याला 'नमुना' म्हणायचो. आमचे प्राध्यापक तोकुदोमे सेन्सेइ भाषणात 'मौल्यवान कच्चा माल' म्हणायचे. हात्सुए-सान मात्र लघवीच म्हणायची. "तिला काही वाटत नाही, तुम्ही का लाजता?" असं वर विचारायची.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, महिला महाविद्यालयातून औषधशास्त्र शिकून नुकतीच सेन्सेइंच्या हाताखाली लागलेली. हात्सुए-सान एकावन्नची. बुटकी, रुंद, उन्हानं रापलेली, आणि हात असे की उकळत्या किटलीला धरून उभी राहिली तरी चेहरा हलायचा नाही.

तिचे वडील मैला उपसायचे. युद्धाआधी शहरातल्या घरोघरचे संडास उपसून लाकडी बादल्या गाडीवर घालायचे, शेतावर न्यायचे, आणि वर्षाच्या शेवटी त्या घरांना मोबदल्यात मुळे, वांगी, चिकट तांदूळ आणून द्यायचे. ज्या घरचा मैला जास्त, त्या घराला मुळे जास्त. मग लोक काय करणार? पाणी घालायचे. अब्रूदार लोक, दारात पाइनची झाडं, आणि पहाटे उठून स्वतःच्या घाणीत बादलीभर पाणी! हात्सुए-सानचे वडील बोलायचे नाहीत. बादलीला बाहेरून तळहात लावायचे. आत्ताच ओतलेलं विहिरीचं पाणी वर गार राहतं, खालचं कोमट असतं. हात लावला की कळायचं. मग त्या घराला त्या वर्षी मुळे बारीक मिळायचे. एवढाच न्याय.

"शाळेत पोरं मला बघून नाक धरायची," हात्सुए-सान सांगायची. "मी पण बघून ठेवायचे कोण कोण धरतंय. नाक धरणाऱ्यांच्या घरचं हमखास पातळ असायचं."

आता सेन्सेइंना लोकांची लघवी कशाला हवी होती, ते एकदा सांगते, पुन्हा सांगणार नाही. रक्तातल्या लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतात. पण किती तयार करायच्या हे मगज ठरवत नाही. तो हुकूम मूत्रपिंडाकडून येतो. रक्तात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एक संप्रेरक सोडतं: "लाल पेशी वाढवा!" निरोगी माणसात हा हुकूम इतका हळू दिला जातो की कुणाच्या हाती लागत नाही. पण काही माणसांचा मगज वाळून जातो. हुकूम ऐकूच येत नाही त्याला. मग मूत्रपिंड ओरडत सुटतं. खालून सासू ओरडतेय, "अगं, चहा टाक!", आणि माडीवरची सून ठार बहिरी, अशातला प्रकार. सासू आवाज चढवते, आणखी चढवते, शेवटी तो आरडाओरडा गल्लीपर्यंत ऐकू जातो. लघवी ही ती गल्ली. सेन्सेइंना तो आवाज बाटलीत धरायचा होता. तोवर जगात कुणी तो शुद्ध रूपात पाहिला नव्हता, आणि चिमूटभर हाती लागायला हौदभर लघवी आटवावी लागणार होती.

आमच्या शहरात असे पाच रुग्ण घरी राहत होते. हात्सुए-सान रोज सकाळी सहाला सायकलीला गाडी जोडून निघायची. प्रत्येक घरी साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, मोठी बाटली ठेवलेली असायची, जवळजवळ दोन लिटरची, आत कार्बोलिकचे थेंब, दिवसरात्र बर्फाच्या पाण्यात बुडवलेली. घरची माणसं ती पुसून, रेशमी नाहीतर सुती फुरोशिकीत, चौकोनी रुमालात, बांधून, दोन्ही हातांनी, वाकून तिच्या हातात द्यायची, जणू काकडीचं लोणचं देताहेत. ती कालची धुतलेली बाटली परत करायची. रिकामी नाही, हं. रिकामं भांडं परत देणं आमच्याकडे असभ्य. बाटलीच्या गळ्यात ती दोन मिरच्या बांधायची, कधी काड्यापेटी, कधी अंगणातलं आलं.

त्या वर्षी मे महिन्यात सेन्सेइंचे सहायक कुराउची यांनी एक पत्र काढलं. कुराउची तोक्योचे. पस्तिशीतले, हुशार, केसांना तेल, आणि आलेखपट्टीशिवाय त्यांना जेवणही जात नसावं. पत्र मीच टंकलं: 'ज्या घरांकडून दोन-तृतीयांश बाटलीपेक्षा कमी नमुना मिळेल, त्यांची नावं यादीतून कमी करण्यात येतील.' बर्फ आणि वेळ वाया जातो, असं त्यांचं म्हणणं. पत्र गेलं, आणि जूनपासून बाटल्या भरून यायला लागल्या. कुराउचींचा आलेख वर चढला. ते शिट्टी वाजवत फिरू लागले.

मग उंदरांनी घोळ घातला.

उंदीर माझ्याकडे. त्यांना आम्ही विरळ हवेच्या पेटीत तीन आठवडे ठेवायचो, म्हणजे फुजीच्या माथ्यावर सहलीला. तिथे त्यांचं रक्त दाट व्हायचं. बाहेर काढलं की त्यांचं मूत्रपिंड म्हणायचं, पुरे झालं आता, आणि स्वतःचा हुकूम थांबवायचं. अशा गप्प झालेल्या उंदरांना आमची पूड टोचायची आणि नवीन लाल पेशी किती बनतात ते मोजायचं. पेशी बनल्या तर आमच्या पुडीत हुकूम आहे. जूनच्या पुडीत तो निम्म्यावर आला होता. मी पुन्हा मोजलं. निम्माच. पुन्हा मोजलं. कुराउची म्हणाले, "योशिनागा-सान, तुम्हाला मोजता येतं ना?" मी म्हटलं, "मला येतं. उंदरांना विचारा."

सगळ्यांनी वहीत डोकं घातलं आणि सगळ्यांना एकच शब्द सुचला. पाणी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हात्सुए-सानला आत बोलावलं. सेन्सेइ खुर्चीत, डोळे मिटून. अवघड प्रसंगी ते झोपल्यासारखे दिसायचे. कुराउची उभे.

"हात्सुए-सान, तुमच्या वडिलांचा जो व्यवसाय होता... त्यात म्हणे पाणी घालायची पद्धत होती?"

"होती की."

"हं. म्हणजे तुम्हाला त्याची माहिती आहे."

"आहे ना. देणारे घालायचे. नेणारा कशाला घालेल? त्याला ते ओढायचं असतं, साहेब. चढावर."

मी खोकल्याचं निमित्त केलं. कुराउची लाल झाले. "पण घरं यादीतून गेली तर फेरी जाते. फेरी गेली तर तुमचं काम जातं. बाटली भरलेली दिसण्यात कुणाचा फायदा आहे?"

सेन्सेइंनी डोळे उघडले. "ओबोनपर्यंत बघू," ते म्हणाले. "पितरांच्या सणापर्यंत. सुधारलं नाही, तर घरोघरची फेरी बंद. फक्त इस्पितळातल्या रुग्णांचं घेऊ."

ती वाकली आणि बाहेर आली. मी मागोमाग. जिन्याखाली ती सायकलीला टेकून उभी होती. मला वाटलं, रडतेय. कसलं काय. ती बर्फाचा तुकडा कडाकडा चावत होती.

"फेरी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "मी भाजी विकीन. पण पाणी घालणारी म्हणून गेले, तर ओबोनला बापाच्या थडग्यावर कुठल्या तोंडानं जाऊ? जन्मभर त्यानं दुसऱ्यांचं पाणी पकडलं. त्याची लेक पाणी घालते म्हणे!"

"मग करायचं काय?"

"करायचं काय म्हणजे? हात आहे ना मला."

दुसऱ्या सकाळी मी तिच्याबरोबर फेरीला गेले. खिशात तापमापक घेतलं होतं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी ते परत ठेवलं. पहिलं घर: बाटली घेतली, आभार मानले, कोपऱ्यावर गेल्यावर फुरोशिकीवरूनच तळाला हात, मग मानेला हात. "गार, गार. ठीक." दुसरं ठीक. तिसऱ्या घरी निवृत्त पोस्टमास्तर. तेही ठीक, फक्त त्यांनी स्वतःच्या प्रकृतीवर वीस मिनिटं घेतली. चौथं घर म्हणजे खालच्या पेठेतलं इकेबेंचं दारूचं दुकान.

इकेबेंच्या दुकानात रुग्ण होती सून, साचिए. सव्वीस वर्षांची, तोफूसारखी पांढरी. पाच रुग्णांत सगळ्यात आजारी तीच, आणि म्हणूनच (विज्ञान निर्दय असतं) आमच्या कामाची सगळ्यात तीच. एकटी साचिए बाकी चौघांच्या बरोबरीची होती. पण दुकान चालवायची सासू, मासुनो-सान. बहात्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. सकाळी साडेसहाला रात्रपाळीचे कामगार उभ्या उभ्या एक पेला घ्यायला यायचे. लाकडी चौकोनी मापात पेला ठेवायचा आणि पेला भरून साके खालच्या मापात सांडेपर्यंत ओतायचं, अशी त्या दुकानाची रीत. "ओसंडलं नाही तर ओतलंच नाही," हे मासुनो-सानचं वाक्य. साठ वर्षांत तिथून एक थेंब कमी गेला नव्हता, आणि दोन पिपांचा माल एका बाटलीत कधी गेला नव्हता. एकदा मुलानं तसं केलं तर तिनं सगळी बाटली रस्त्यावर ओतली. मुलगा तेव्हा चाळीस वर्षांचा होता.

"घ्या," मासुनो-सान म्हणाली आणि जांभळ्या फुरोशिकीतली बाटली पुढे केली. "काठोकाठ आहे. विद्यापीठात सांगा, इकेबेंकडे अर्धवट काही मिळत नाही. आमच्या सूनबाईंचं सोडून. तिचं जेवण अर्धं, झोप अर्धी, कामाचं तर विचारू नका."

आत अंथरुणावर बसलेल्या साचिएनं मान लववली. हसली, असं वाटलं मला.

कोपऱ्यावर हात्सुए-साननं तळाला हात लावला. मानेला लावला. पुन्हा तळाला. मग माझा हात धरून तिथे टेकवला.

तळ गार. मान कोमट.

"म्हणजे आत्ताच कुणीतरी..." मी म्हटलं.

"आत्ताच. आपण घंटी वाजवली तेव्हा."

"आणि साचिए-सान तर समोर अंथरुणावर बसली होती!"

"शिकलेली दिसतेस," हात्सुए-सान म्हणाली. सायकल वळवून ती दुकानाच्या मागच्या बोळात शिरली. परसात भोपळ्याचा वेल होता. वेल कसला, पूरच. कुंपणावरून शेजाऱ्याच्या छपरावर चढलेला, पानं छत्रीएवढी, खाली गडद हिरवे भोपळे मांजरांसारखे बसलेले. हात्सुए-सान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. एखादा माणूस चांगली तलवार बघतो ना, तशी.

"नुसत्या पाण्यावर भोपळा असा माजत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात मागचं दार सरकलं आणि साचिए बाहेर आली, भिंतीला धरत. "काकू," ती हळूच म्हणाली, "एक विचारू? मी अर्धी बाटली देते. सकाळी ती पूर्ण कशी होते?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं, बर्फानं फुगते." मग ती स्वतःच हसली. "सासूबाई मला बाटलीला हात लावू देत नाहीत. म्हणतात, विद्यापीठाला आजारी माणसाचं कसं द्यायचं? घरातलं सगळ्यात चांगलं द्यायला हवं. आणि मिसळायचंही नाही. मिसळलं तर भेसळ. म्हणून माझं त्या भोपळ्याला घालतात आणि दिवसभर चहा पीत बसतात. काल अठरा कप झाले. मी मोजले."

मी आयुष्यात पुष्कळ शोधनिबंध वाचले. इतका प्रामाणिक घोटाळा कुठे वाचला नाही. पाहुण्यापुढे शिळं ठेवायचं नाही, गिऱ्हाइकाला नासलेलं द्यायचं नाही, दोन पिपं मिसळायची नाहीत: बाईनं सगळे नियम पाळले आणि तीन वर्षांचं संशोधन भोपळ्याच्या बुडाशी ओतलं. आणि स्वतःची ठणठणीत, निरोगी, अगदी बिनकामाची लघवी काठोकाठ भरून आम्हाला पाठवली.

"पण एवढा आटापिटा कशाला?" मी विचारलं.

"ते पत्र आलं ना. अर्ध्या बाटलीची घरं यादीतून काढणार. यादीतून काढलं तर सेन्सेइ महिन्याला मला तपासायला येणार नाहीत." साचिएनं दाराकडे पाहिलं. "मला सांगितलेलं नाही त्यांनी हे. मला म्हणतात, दुकानाची अब्रू."

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता सेन्सेइंना सांगू. तुमचं नाव साफ."

"आणि हिचं? दारूच्या दुकानाबद्दल 'आतलं बदलतात' एवढे दोनच शब्द पेठेत फिरू देत, बघ. आणि ते कशाबद्दल होतं हे कुणी विचारणार नाही. किंवा विचारतील, ते तर आणखी वाईट."

"मग तिला तोंडावर सांगा!"

"बहात्तर वर्षांच्या बाईला? की तुम्ही बाटलीत स्वतःचं भरता? पोरी, तुला महाविद्यालयात काय शिकवलं गं?"

दुसऱ्या दिवशी ती एक लहान बाटली घेऊन दुकानात गेली. मोठीच्या निम्मी. मी मागे उभी. दोन कामगार पेल्याची वाट बघत होते.

"हे काय?" मासुनो-सान बाटलीकडे बघून म्हणाली. "आमच्या दुकानाला असली चिमुकली? शेजारच्या टोपलीवाल्याला द्या."

"तुम्हालाच हवी. देवापुढे साके कशात ठेवता? पिपात?"

"लहान सुरईत."

"मग."

मासुनो-सान हुं म्हणाली आणि पेला मापात ठेवून ओतायला लागली.

"एक विचारायचं होतं," हात्सुए-सान म्हणाली. "तुमच्याकडे कधी पीप नासलं होतं का हो?"

"माझ्या हयातीत एकदा. सासऱ्यांच्या वेळी. का?"

"मग परीक्षक बोलावला असेल."

"फुकुओकाहून. मेला तीन दिवस राहिला, रोज मासे खाल्ले."

"त्याला कुठलं पीप दाखवलंत? चांगलं?"

"चांगलं कशाला? नासलेलंच की."

"वाईट दिसलं नाही ते? पाहुण्यापुढे नासलेलं ठेवणं?"

"काय बाई आहात! तो ते का नासलं हे बघायलाच आला होता. चांगल्यात त्याला काय..."

साके पेल्याच्या काठाशी आली आणि थांबली. मासुनो-सानचा हात हवेतच राहिला. पेला काठोकाठ भरला, पण खाली एक थेंब सांडला नाही.

"काकू," एक कामगार घाबरत म्हणाला, "ओसंडलं नाही."

"गप बस!" मासुनो-सान ओरडली आणि पेला, माप, खालची फळी सगळं भिजेपर्यंत ओतत राहिली. हात्सुए-सान तोवर मिरच्या बांधलेली लहान बाटली ठेवून बाहेर पडली होती.

पुढच्या सकाळी लहान बाटली आली. काठोकाठ. तळ गार, मान गार. रंग निराळा. महिनाअखेरीला त्या मालाची पूड मी उंदरांना टोचली, आणि पाच दिवसांनी आकडे असे चढले की मी खुर्चीतून उठून त्या गप्प बिचाऱ्यांना सफरचंद कापून दिलं.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कुराउची हुशार होते.

"बघा," ते सेन्सेइंना म्हणाले, माझ्यासमोर, "जुलैत दम दिला, आणि पाणी थांबलं. मी म्हटलंच होतं." त्यांनी नवीन नियमही काढला: यापुढे बाटल्यांना घरीच मेणकागदाचं बूच लावायचं, त्यावर शिक्का मारायचा, आणि तो प्रयोगशाळेतच फोडायचा. म्हणजे वाटेत कुणी हात घालायला नको. शिक्के हात्सुए-सानच्याच हातात दिले. स्वतःच्या गळ्यातली घंटा स्वतः बांध, म्हणावं तसं. तिनं शिक्के घेतले, वाकली, आणि गेली.

"बोला की काहीतरी!" मी जिन्याखाली तिच्या अंगावर ओरडले.

"काय बोलू? खरं सांगितलं तर एका म्हातारीची अब्रू जाते. खोटं मला येत नाही."

"ओबोन आठ दिवसांवर आलाय. थडग्यावर जाणार ना तुम्ही?"

तिनं शिक्के खिशात घातले. बर्फसुद्धा चावला नाही. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. मला संयम कधीच नव्हता आणि कुणी तो शिकवलाही नाही. त्याच संध्याकाळी मी इकेबेंच्या दुकानात गेले, एक पेला मागितला, आणि तो ओसंडत असतानाच सगळं सांगून टाकलं. की पाणी घालते म्हणून हात्सुए-सानच्या नावानं शिक्के निघालेत. एवढंच. भोपळ्याचं नाव काढलं नाही. तेवढी सभ्यता मलाही आहे.

मासुनो-साननं फडकं घडी करून ठेवलं. "पेला संपवा," म्हणाली. "आम्ही दुकान बंद करतोय."

दुसऱ्या दिवशी, ऑगस्टच्या भट्टीत, आसोच्या ज्वालामुखीची राख हवेत तरंगत असताना, मासुनो-सान प्रयोगशाळेत आली. पाच कुलचिन्हांचा काळा किमोनो घालून. तो आमच्याकडे लग्नात आणि मयतीत घालतात. हातात जांभळी फुरोशिकी. मागे रिक्षावाल्यासारखा धापा टाकणारा मुलगा. सेन्सेइ उठून उभे राहिले. कुराउचीही.

तिनं मेजावर फुरोशिकी सोडली. मोठी बाटली. काठोकाठ.

"जून महिना आणि अर्धा जुलै, इकेबेंच्या घरून जे आलं ते या पिपातलं होतं," ती म्हणाली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "माझं. सुनेचं नाही. पाणी नाही. इकेबे कधी पाणी घालत नाहीत. त्या बाईनं घातलं म्हणता, तर हे तपासा आणि तुमच्या जूनच्या मालाशी ताडून बघा. शिक्का पण मारून आणलाय."

सेन्सेइंनी डोळे मिटायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यांचे खांदे हलत होते.

"पण का?" कुराउची म्हणाले.

"पत्र कुणी लिहिलं होतं? 'अर्धी बाटली चालणार नाही' म्हणून?"

कुराउची माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी फक्त टंकलं."

पाच दिवस उंदीर. पाच दिवस मासुनो-सान रोज माणूस पाठवून विचारायची, निकाल काय. तेरा तारखेला, ओबोनच्या पहिल्या दिवशी, निकाल घेऊन मी आणि कुराउची दुकानात गेलो. हात्सुए-सान बाटली न्यायला आलेलीच होती.

"शून्य," मी सांगितलं. "तुमच्या लघवीत तो हुकूम सापडतच नाही. म्हणून जूनचा माल निम्मा झाला. हिशोब बरोबर जुळला."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. मासुनो-सानचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"शून्य? बहात्तर वर्षं मी एक दिवस आजारी पडले नाही. आणि शून्य? आणि हिला, जिला जिना चढवत नाही, हिला किती?"

"तिचं आमच्याकडच्यात सगळ्यात जास्त."

आतून साचिएचा आवाज आला, जन्मात पहिल्यांदा मोठा. "सासूबाई, मन लहान करून घेऊ नका. सराव केला की जमेल तुम्हालाही."

पेठेतले पाच कामगार, कुराउची आणि मी, सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागलो. मासुनो-सान सुनेकडे बघत राहिली. मग नाकातून एक आवाज आला तिच्या. हसण्याचा असावा. खात्री नाही, कारण तो आवाज कुणी आधी ऐकलेला नव्हता.

कुराउची हात्सुए-सानपुढे वाकले. अगदी कमरेत, नव्वद अंशात, आलेखपट्टीनं मोजावं असं. "मी चुकलो," म्हणाले. "पाणी नव्हतं."

"मोठ्यानं म्हणा," हात्सुए-सान म्हणाली. "मला थडग्यावर सांगायचंय. शब्द बरोबर हवेत."

"पाणी नव्हतं!" कुराउची ओरडले. शेजारचा टोपलीवाला बाहेर आला.

"आता माझी बाटली," मासुनो-सान म्हणाली. कुराउचींनी धुतलेली मोठी बाटली पुढे केली. तिनं आत डोकावून पाहिलं. उलटी करून पाहिली. गळ्याभोवती बोट फिरवून दोरा शोधला. "रिकामी? भांडं रिकामं परत करतात तोक्योत?"

त्यांच्या खिशात आलेखपट्टी होती आणि एक पेन. बराच वेळ विचार करून त्यांनी पेन दिलं. बिचारं चांगलं पेन होतं.

"बसा," ती म्हणाली. मापात पेला ठेवला, भरला, ओसंडला, आणि सकाळी पावणेसातला त्यांना तो रिकामा करावा लागला. बरोबर वाटीत सोया घालून शिजवलेला भोपळा आला. लोण्यासारखा मऊ, गोड, नारिंगी. कुराउचींनी एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली. "उत्कृष्ट आहे," ते म्हणाले. "कुठून आणला?"

"परसातला," हात्सुए-सान म्हणाली. "तुमच्याच मौल्यवान कच्च्या मालावर वाढलाय, साहेब. दीड महिना. उंदरांच्या आधी यालाच मिळाला."

त्यांच्या जेवणाच्या काड्या तोंडाशी थांबल्या. सगळं दुकान बघत होतं. आणि मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला, कारण त्यांनी ती फोडही खाल्ली.

सांगायचं राहिलं. साचिएनं त्या दिवशी मला विचारलं होतं की हे संप्रेरक सापडलं तर तिला त्याचा उपयोग होईल का. मी खरं तेच सांगितलं: नाही. हुकूम तिच्या अंगात भरपूर आहे, ऐकणारा मगज नाही. उपयोग झालाच तर ज्यांचं मूत्रपिंड मुकं झालंय त्यांना. "म्हणजे भोपळ्याला आणि परक्यांना," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी लहान बाटली नेहमीसारखी काठोकाठ होती. ती आणखी सहा वर्षं होती. सेन्सेइ दर महिन्याला जात राहिले. साचिएला चहा मासुनो-सान स्वतः अंथरुणापाशी नेऊन द्यायची, कुरकुर करत.

हात्सुए-साननं त्या दिवशी एक अख्खा भोपळा मागून घेतला, फुरोशिकीत बांधला आणि थडग्यावर नेला. मीही गेले. तिनं दगडावर पाणी ओतलं, उदबत्ती लावली, भोपळा मधोमध ठेवला आणि सगळी हकीकत शब्दाला शब्द सांगितली, 'पाणी नव्हतं' कुराउचींच्या आवाजात. मग भोपळ्यावर थाप मारली.

"फुलं कशाला न्यायची?" ती मला म्हणाली. "फुलात बापाला काही कळायचं नाही. पण खत त्यानं बरोबर ओळखलं असतं."

परतताना तिनं भोपळा उचलून पुन्हा गाडीत ठेवला. म्हणाली, बाप काही एकटा एवढा संपवणार नाही.